पाव्हण्याचं पाणी

कडुनिंबाची बारीक फुलं गळून जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांचा भुगा साचायला लागला, की आमच्या नांदेडच्या गल्लीत उन्हाळा सुरू झाला असं समजायचं. लग्नपत्रिका येऊन पडतात. कुणी कुलर धुवायला काढतं. शेजारची बाई कुरडया घालायला हाक मारते. मीही जाते, घालते. उन्हाळ्याची कामं मला आवडतात, कारण ती हातावेगळी करता येतात. पण या दिवसांत सकाळी उठले, की कुठल्याही कामाच्या आधी मला थोडी लाज वाटते. घाम नंतर येतो.

लातूरचा एक ट्रस्ट लहान गावांना पिण्याच्या पाण्यासाठी तातडीची मदत देतो. विहीर खोल करायची, मोटार बसवायची, गावापर्यंत पाइप आणायचा, असली कामं. सरकारी मंजुरी हातात पडेपर्यंत पावसाळा उजाडतो. हे लोक उन्हाळ्यातच पैसे देतात. त्याआधी कुणीतरी गावात जाऊन बघून यायचं असतं. गेली काही वर्षं ते कुणीतरी मी आहे. हे काम मला कुठल्या शिक्षणामुळे मिळालं नाही. माझ्या सासरच्या गावाला त्यांनी पैसे दिले, तेव्हा मी तिथल्या बचत गटाची अध्यक्ष होते आणि त्यांच्याशी कडाडून भांडले होते. भांडणारी बाई आपल्या बाजूला असलेली बरी, असं त्यांना वाटलं असावं.

ते सासरचं गाव उमरीच्या बाजूचं, भोकरकडे जाताना आत वळलं की लागतं. चार आळ्या, एक मारुती, एक विहीर. मी भांडले त्याच सुमाराला लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्या गावाला रूळ नाहीत. आम्हाला टँकर यायचा, तोही मनात आलं तर. आला की सरळ विहिरीवर जायचा आणि पाइप सोडून सगळं पाणी कोरड्या विहिरीत ओतायचा. वरून पडणारं पाणी तळाचा गाळ ढवळून काढायचं. मग काठावरून बायका दोर सोडायच्या. घागर वर यायची ती चहाच्या रंगाची. ओल्या मातीच्या वासाचं लोक फार कौतुक करतात. मला तो वास आला की दोर आठवतो आणि तळहात हुळहुळतात.

ते पाणी घरी आणून पितळी हंड्यात ओतायचं, तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायचा आणि हात लावायचा नाही. गाळ खाली बसला की वरचं पाणी अलगद काढून जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळायचं. या पहिल्या, वरच्या, नितळ पाण्याला आमच्याकडे नाव होतं: पाव्हण्याचं पाणी. ते एका लहान माठात वेगळं राहायचं. घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. लेकरं मधल्या थराचं पाणी प्यायची, आम्ही खालचं. पण उन्हातून कुणी दारात आला, पाहुणा असो, पोस्टमन असो की म्हैस हुडकत आलेला परगावचा माणूस, त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि त्या माठातला तांब्या आलाच पाहिजे.

माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात चुकले. दारी आलेल्या माणसाला मी विचारलं, "पाणी देऊ का?" तो "नको" म्हणाला आणि गेला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून उठून आल्या.

"पाण्याचं इचारतेत व्हय कुणाला? ते काय दुकानाय? आणून म्होरं ठिवायचं. प्यायचं का न्हाई ते त्याचं तो बघंल."

एवढंच बोलल्या. पुन्हा मी कुणाला विचारलं नाही.

तर त्या उन्हाळ्यात ट्रस्टचे साहेब पहिल्यांदा गाव बघायला येणार होते. त्यांचं नाव ढगे. त्यावर सुमननं, आमच्या गटातल्या सगळ्यात तोंडाळ बाईनं, "नाव तर चांगलं हाय, बघू पडतंय का" असं म्हणून सगळ्यांना हसवून घेतलं. विहीर खोल करून मोटार आणि पाइपलाइन मिळाली, तर दोर सुटणार होता. लेकरांची हगवण थांबणार होती. दोन घरच्या सोयरिकी पाण्यावरून मोडल्या होत्या, त्याही कदाचित जुळल्या असत्या. साहेबांच्या एका भेटीवर हे सगळं अवलंबून होतं आणि ते प्रत्येक घराला ठाऊक होतं.

म्हणून गावानं तयारी केली. तयारी म्हणजे काय, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. भांड्याचं खरकटं पाणी साठवून बायकांनी अंगणात सडे घातले. लेकरांना ओल्या फडक्यानं का होईना, पण घासूनपुसून उभं केलं. आणि घराघरातून पाव्हण्याचं पाणी आमच्या ओसरीवर आलं. कुणी कळशी, कुणी तांब्या. आमच्याकडचा मोठा माठ भरला. गावकुसाबाहेरच्या वस्तीतूनही एक कळशी आली. एरवी त्या कळशीचं पाणी वरच्या आळीत कुणी घेतलं नसतं, साहेबांसाठी घेतलं. आत्याबाईंनी माठाला ओलं फडकं गुंडाळलं, वाळा टाकला. असं गार, असं नितळ पाणी त्या गावात त्या उन्हाळ्यात दुसरीकडे कुठेच नव्हतं, कारण ते सगळंच्या सगळं त्या एका माठात होतं.

ढगे साहेब आले, बसले, प्याले. "वा! पाणी गोड आहे हो तुमचं," म्हणाले. आत्याबाईंचा चेहरा लग्नातल्या विहिणीसारखा फुलला.

"घ्या की अजून. घ्या, घ्या. पाण्याला काय तोटा हाय!"

हे आमच्याकडे सगळे म्हणतात. घरात चिमूटभर साखर असली तरी चहा देताना "साखरेला काय तोटा" म्हणतात. साहेब मूळचे कुठले होते कुणास ठाऊक. त्यांनी ते शब्दशः घेतलं. अजून एक पेला घेतला, ड्रायव्हरला दिला, विहीर बघितली, तिच्यात नुकताच टँकर मोकळा झाला होता, आणि ते गेले. त्या दिवशी गाव खूश होतं. मीही होते. पाहुणचार कुठे कमी पडला नव्हता.

पुढे मी फोन केला तेव्हा कळलं.

"ताई, तुमच्याकडे तसं बरं आहे. आमच्याकडे याहून वाईट गावं आहेत."

"तुम्ही काय पाहिलं, साहेब?"

"अंगणात सडे होते. लेकरं न्हालेली होती. पाणी तर मी स्वतः प्यालो."

"तुम्ही गावाची सगळी शिल्लक प्यालात."

मग ते म्हणाले, "ते मला कसं कळणार, ताई?"

त्यांचं बरोबर होतं. आज मी त्यांच्या जागी आहे, म्हणून म्हणत नाही. तेव्हाही मला ते कळलं होतं. मदत देणाऱ्याजवळ पैसा मोजका असतो, गावं अनेक, आणि त्यांत खोटं बोलणारीही असतात. ऊस भिजवून झाल्यावर टँकर मागणारी गावं मी पाहिली आहेत. देणाऱ्याला गरज डोळ्यांनी बघावी लागते. आणि गरजेची खोड अशी, की पाहुणे येणार म्हटलं की ती तोंड धुऊन, पदर सावरून बसते.

मी भांडले, ते इथून पुढे. पुन्हा या म्हटलं. एकदा या, न सांगता या, पण दुपारच्या उन्हात या. ते कबूल झाले, आणि भला माणूस म्हणून त्यांनी आदल्या दिवशी सांगूनही टाकलं.

मी मारुतीच्या पारावर बायका गोळा केल्या आणि स्पष्ट सांगितलं. सडा नको. लेकरं जशी आहेत तशी राहू द्या. माठ आत न्या, कळशा पालथ्या घाला. आणि कुणीही, काहीही झालं तरी, त्यांना पाणी द्यायचं नाही.

आधी सगळ्या हसल्या.

"म्हंजी पाव्हण्याला वाळल्या तोंडानं लावून द्यायचं?" एक जण म्हणाली.

"द्यायचं."

"अन् ताई, रडायचं बी हाय का?" सुमन. "रडायचं असंल तर आताच सांगा. डोळ्याला पाणी लागतंय, त्याला बी टँकर बोलवावा लागंल."

पुन्हा हशा. मीही हसले. पण आत्याबाई हसल्या नाहीत. त्या पाराच्या कडेला बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होत्या, लहान मुलीसारख्या.

"म्या उद्या भोकरला जाते. लेकीकडं."

"नाही आत्याबाई. आपलं घर आळीत पहिलं. साहेब तिथंच टेकणार. तुम्ही नसलात तर वाटेल घर मुद्दाम मोकळं केलंय."

"मंग तू त्यास्नी दुसऱ्याच्या घरला बशीव."

"दुसऱ्यांनी का बेइज्जत व्हायचं?"

त्या पदर झटकून उठल्या आणि घराकडे गेल्या. बिनतोड बोलण्याचा मला तेव्हा अभिमान होता.

दुपारी जीप आली. रस्त्यावरचा फुफाटा अंगावर घेऊन साहेब ओसरीवर बसले. ओसरीच्या कोपऱ्यात माठ नव्हता. त्यांनी टोपी काढली, रुमालानं मान पुसली आणि वाट बघितली. मागितलं नाही. आमच्याकडे मागावं लागत नाही, हे त्यांना पहिल्या भेटीत कळलं होतं. आळीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. कुणी हललं नाही. मी विहिरीचं, टँकरचं, लेकरांच्या दुखण्याचं सांगत राहिले. माझ्या बोलण्यात मध्येच त्यांच्या कोरड्या घशाचा आवाज येत होता. आत्याबाई उंबऱ्याशी दोन्ही हात मांडीत घालून बसल्या होत्या.

साहेबांना तहानलेलं ठेवायचं, हे ठरलेलं होतं. ड्रायव्हरचा विचार मी केलाच नव्हता. तो वयस्कर होता, आत्याबाईंच्या भावाएवढा. त्याला गाव तपासायचं नव्हतं, कुठला अहवाल द्यायचा नव्हता. जीप सावलीला लावून तो ओसरीच्या कडेला आला आणि अगदी सहज म्हणाला, "माय, घोटभर पाणी दे गं."

आत्याबाई उठल्या. उठल्याच. एक हात चौकटीवर, एक पाय आत. आत, गोधडीखाली झाकलेल्या लहान माठात नितळ पाणी होतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

मी त्यांच्याकडे पाहिलं. सासू-सुनांत ही नजर वरून खाली जाते. त्या दुपारी ती खालून वर गेली. त्या पुन्हा खाली बसल्या.

मग मी आत गेले, विहिरीच्या घागरीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि साहेबांच्या पुढे ठेवलं. "आहे ते हे," म्हटलं. पेल्यात गाळ फिरत होता. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला, मग ड्रायव्हरकडे पाहिलं. दोघांनीही पेल्याला हात लावला नाही. जाताना साहेब आत्याबाईंना नमस्कार करून गेले. त्यांनी मान वर केली नाही.

काम मंजूर झालं. त्याच उन्हाळ्यात विहीर खोल झाली, खडकाखाली झरा लागला, पाइप आला, मारुतीच्या मागे टाकी उभी राहिली. खरंच फरक पडला. दोर सुटले. दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मुली सकाळच्या बसनं उमरीला शाळेत जाऊ लागल्या. सोयरिकीही जुळल्या, एक तरी जुळली. तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करीन, तसंच, तेवढंच बिनतोड बोलून. लोक समजतात, लाज वाटते म्हणजे पस्तावा होतो. तसं नाही. पस्तावा झाला असता तर त्याचं काहीतरी करता आलं असतं.

जीप गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावात बांगड्यावाली आली. आत्याबाईंनी तिला हाताला धरून ओसरीवर बसवलं आणि गोधडीखालचा माठ बाहेर आणून तिला पाणी पाजलं. एक पेला, दुसरा पेला. ती "बास आता, माय" म्हणायला लागली तरी पाजलं. बांगड्या घेतल्या नाहीत.

टाकीच्या उद्घाटनाला साहेब पुन्हा आले. नारळ फुटला, नळ सोडला. आत्याबाई नवं लुगडं नेसून, ताटात गूळ आणि नळाच्या पाण्याचा पेला घेऊन सगळ्यांच्या पुढे गेल्या. साहेबांनी पेला घेतला. ओठाला लावायच्या आधी त्यांनी क्षणभर आत पाहिलं. तळाला काही आहे का, एवढंच. मग हसून सगळं पाणी प्याले, "छान" म्हणाले. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. त्या घरानं दिलेलं पाणी तोवर कुणी असं बघून प्यालं नव्हतं. आत्याबाईंनी रिकामा पेला घेतला, ताटात उपडा ठेवला आणि माघारी आल्या.

त्याबद्दल त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. आता त्या नाहीत. गावी गेले की नळ सोडून बघते. पाणी चांगलं येतं.

ट्रस्टचा आता एक रिवाज आहे. गावं बघायला जाणाऱ्यांनी पाण्याची बाटली बरोबर न्यायची, गावात काही घ्यायचं नाही. तो आमच्या गावानंतर सुरू झाला. आणि गावंही शहाणी झाली आहेत. लग्नाकार्यात, माहेरपणात, एसटीत बाया बायांशी बोलतात. औशापासून भोकरपर्यंत आता सगळ्यांना ठाऊक आहे, की बघायला माणसं आली की सडा घालायचा नसतो, माठ आत न्यायचा असतो आणि पाणी द्यायचं नसतं. मी कुणाला शिकवायला गेले नव्हते. तरी शिकली.

परवा मी औशाच्या पुढच्या एका गावात गेले होते. विहिरीचा तळ दिसत होता, टँकर आदल्या दिवशी आला नव्हता. गरज खरी होती, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. एका घरी ओसरीवर बसले. सून तिशीतली, चुणचुणीत, पुस्तकी भाषेत बोलणारी. "बघा मॅडम, अशी परिस्थिती आहे आमची. प्यायला थेंब नाही." बोलायला पक्की. मला ती आवडली. तिच्या मागे उंबऱ्याशी सासू बसली होती, पदर कपाळावर ओढून, माझ्याकडे न बघता.

कोपऱ्यात फरशीवर ओला गोल डाग होता. माठ नुकताच आत नेलेला. मी तिकडून नजर काढून घेतली. सुनेनं ते पाहिलं आणि ती जरा भरभर बोलू लागली.

मी जास्त वेळ बसले नाही. विहीर पाहिली होती, तेवढं पुरेसं होतं. काम लवकर व्हावं असं लिहीन, म्हणाले, आणि उठले. म्हातारीला माझ्यासमोर फार वेळ तसं बसावं लागू नये, एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

गाडी वळवेपर्यंत ती मागून आली. अनवाणी, तापलेल्या मातीवरून, शक्य तेवढ्या घाईनं. सून ओसरीवरून सासूला "मामी, ओ मामी" अशा हाका मारत होती. म्हातारीनं खिडकीच्या काचेवर हात ठेवला. मी काच खाली केली.

"बाई, घरात पाणी हाय," ती हळू म्हणाली. "चांगलं हाय. म्या दिलं न्हाई तुमाला."

तिनं एकदा मागं ओसरीकडे वळून पाहिलं.

"ते लिहू नगा. गावाचं काम मोडंल. पर तुमाला ठावं असू द्या. आमी तसली माणसं न्हाईत."

"ठाऊक आहे मला, मावशी," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"कसं काय ठावं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.